ड्रायव्हरचं दुखणं

आशागड
चैत्र अखेर

प्रिय ललित,

पत्र पाहून दचकू नकोस. सगळं छान चाललंय असं म्हणणार नाही, पण धावत यावं असंही काही घडलेलं नाही. फोन उशाशी असताना आई कागद का काळे करतेय, हे तुझ्या मनात येईलच. त्याला कारण आहे आणि ते मी सांगणार आहे, पण आधी मला ड्रायव्हरचं सगळं सांगू दे. तुला फोनवर ते दोन वाक्यांत कळलं. बाबा शेजारी बसले होते, आणि तुझा फोन आला की स्पीकर लावायचा हा त्यांचा हट्ट. आजारी होता, गेला, एवढंच मी बोलले. आठ वर्षं या घरात वावरलेल्या जिवाला दोन वाक्यांत उरकलं, याची टोचणी मला तेव्हापासून आहे. हे लिहून झालं की शेजारच्या दक्षाबेनकडे देईन, ती पानांचे फोटो काढून तिच्या फोनवरून तुला पाठवील. माझा फोन दिवसभर बाबांच्या हातात असतो आणि त्यात आलेलं सगळं ते मोठ्याने वाचतात. त्यांचं वाचणं अजून शाबूत आहे.

ड्रायव्हर आला तेव्हा तू बंगळूरला नवीन होतास. वेवजीच्या शाळेतला माझा शेवटचा दिवस. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली, मुलींनी रडायचं तेवढं रडून घेतलं. मी टमटममध्ये बसणार तेवढ्यात लडक्या आला, ज्याची तिन्ही पोरं माझ्या हाताखालून गेली तो. त्याने माझ्या मांडीवर कापडी पिशवी ठेवली आणि म्हणाला, बाई, घरी गेल्यावरच उघडा. मला वाटलं सुरण असेल, तो दर वर्षी द्यायचा. तलासरी यायच्या आत सुरण कुंई कुंई करायला लागला. बाजूला बसलेली बाई हसून हसून लाल झाली, आणि मी मात्र बाबांना काय सांगायचं याच्या विवंचनेत. बाबांना घरात जनावर नको होतं हे तुला माहीत आहेच. तू लहानपणी मांजर आणलंस तेव्हा ते पार स्टेशनच्या कँटीनमध्ये नेऊन सोडून आले होते.

पण हे पिल्लू बाबांच्या मागे न लागता पुढे लागलं, तिथेच बाबा फसले. ते फिरायला निघाले की हे त्यांच्या चार पावलं पुढे, आणि मधून मधून मान वळवून बघायचं, येताय ना म्हणून. बाबा म्हणाले, सगळी नोकरी गार्ड म्हणून गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली, इंजिनात कोण बसलंय ते कधी धड दिसलं नाही, आता हा ड्रायव्हर तरी डोळ्यांसमोर राहील. झालं, बारसं उरकलं. हल्ली लोको पायलट म्हणतात, पायलट ठेवा, असं तू फोनवर सुचवलंस आणि नव्या रेल्वेवर अर्धा तास ऐकून घेतलंस. आम्ही रस्त्यावर हाक मारली की नाक्यावरचे दोन टमटमवाले वळून बघायचे. बायजी त्याला डायवर म्हणायची, आणि तो त्यालाही ओ द्यायचा. बायजी म्हणजे आपल्याकडे अंगण झाडायला, चिकू गोळा करायला येते ती. तू मागे आलास तेव्हा तिने तुला उकडलेल्या शेंगा खायला घातल्या होत्या.

बाबांच्या विसरण्याला वलसाडच्या डॉक्टरांनी नाव दिलं तेव्हा तू सोबत होतास. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी हे थांबणार नाही, फार तर रेंगाळेल, हेही सांगितलं. त्यानंतर या घरात ड्रायव्हरचं काम काय होतं ते तुला पुरतं कळलेलं नाही, कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आई, कुत्र्यावर कसली विसंबतेस, माणूस ठेव. माणूस ठेवलाही असता, पण बाबांना माणूस मागे चाललेला खपत नाही. कुत्रा पुढे चाललेला खपायचा. संध्याकाळी चहा झाला की दोघं फाटकातून बाहेर पडायचे, वाडीच्या कुंपणाकडेने मारुतीच्या देवळापर्यंत, तिथे पारावर जरा टेकायचं आणि परत. एकदा बाबा देवळाकडे न वळता गंजाडच्या रस्त्याला लागले होते. ड्रायव्हर रस्त्यात आडवा बसला आणि भुंकून भुंकून त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवलं. ओळखीच्या टमटमवाल्याने दोघांना घरी आणून सोडलं. त्या दिवसापासून देवळाच्या पुढे पाऊल पडलं की तो बाबांच्या पायात आडवा उभा राहायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते दोघं बाहेर असायचे तेवढा वेळ मी ओट्यावर पाय पसरून गार झालेला चहा प्यायची, आणि ललित, सगळ्या दिवसात तेवढाच वेळ माझा होता. तेव्हा त्याचं दुखणं माझ्यासाठी नुसतं कुत्र्याचं दुखणं नव्हतं, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

होळी जवळ आली होती. सकाळी बाबा चहात खारी बुडवत बसले होते, आणि खारीचा शेवटचा तुकडा ड्रायव्हरचा, हे ठरलेलं. तो आला तो मान डावीकडे कलती करून. मला वाटलं कानात गोचीड शिरली असेल. तुकडा समोर धरला तर त्याने तोंड भलतीकडेच उघडलं, आणि कोणी ढकलल्यासारखा कुशीवर पडला. उचलायला गेले तर त्याचे डोळे. धावत्या गाडीतून बाहेर बघणाऱ्या माणसाचे डोळे कसे सरकन मागे जातात आणि पुन्हा पुढे येतात, तसे त्याचे डोळे हलत होते, आणि तो तर फरशीवर पडलेला. मग चारही पाय ताठ झाले, तोंडातून फेस आला. बाबा कप हातात घेऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, साखळी ओढ. मी त्याच्या डोक्याखाली माझा पदर घातला आणि दक्षाबेनला हाका मारत सुटले.

फेस ही वाईट गोष्ट. आदल्या दिवशीपर्यंत ज्याच्या पाठीवर वाडीतली पोरं बसायची तो एका सकाळीत पिसाळलेला ठरला. समोरचा विनोद काठी घेऊनच आला. वाईट माणूस नाही तो, काकू काकू करतच बोलत होता, पण काठी खाली ठेवत नव्हता. पोरं खेळतात इथे, म्हणाला. मी लसीचं कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं आणि शाळेतला आवाज काढला. तो गेला, पण पुढे कितीतरी दिवस आपल्या फाटकासमोरून माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जात होती. डहाणूहून जनावरांच्या डॉक्टर आल्या, तरुण मुलगी, हातमोजे घालून त्याच्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसली. लाळ, गिळणं, आवाज, सगळं बघून म्हणाली, रेबीज वाटत नाही, पण काही दिवस कोणी जवळ जाऊ नका, नजर ठेवा. जवळ जाऊ नका हे तिने मला सांगितलं. बाबांना सांगून काय उपयोग. मी पडवीला दार लावून मधे खुर्ची टाकली आणि त्या खुर्चीत मीच बसून राहिले.

रेबीज नव्हता. मग काय होतं? प्रत्येकाकडे उत्तर होतं. दक्षाबेन म्हणाली, मण्यार चावली. कोणी म्हणालं, वाडीत फवारणी झाली तेव्हा पडलेले चिकू खाल्ले असतील. कोणी बेडूक म्हणालं, कोणी नजर. दक्षाबेनने तिची गाडी काढली आणि आम्ही त्याला वापीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. बाबा पुढच्या सीटवर, मी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन. लतिकाबेन, चिंता नै करवानी, असं ती भिलाडपर्यंत म्हणत होती. रक्त तपासलं, लिव्हर तपासलं, एक्स-रे काढला. रिपोर्ट सगळे नॉर्मल. चालता येत नाही, समोरची वाटी दिसत नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल. तिथले डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, मेंदूला सूज असेल, गाठ असेल, किंवा जे कधीच कळत नाही असं काही असेल. डोक्याचा स्कॅन मुंबईत होतो, त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, आणि हा एवढा प्रवास सोसेल असं मला वाटत नाही. मी विचारलं, पण झालं कशाने. ते म्हणाले, आजी, कधी कधी कारण सापडत नाही. आजी म्हटल्याचा राग यायचंही मला सुचलं नाही. जन्मभर पोरांना, कारण द्या, कारण द्या, म्हणून प्रश्न घातले, आणि एवढा एकच प्रश्न मला पडला होता.

औषधाने झटके थांबले, पण ड्रायव्हर परत आला नाही. जो उठून उभा राहिला तो त्याच्यासारखा दिसणारा कोणी दुसरा होता. तो डावीकडे गोल फिरायचा. उठला की गोल, थकून पडेपर्यंत गोल. मधे भिंत आली की कपाळ भिंतीला टेकून उभा राहायचा, कारण मागे फिरायचं असतं हेच विसरला होता. पिठाच्या डब्यामागच्या कोपऱ्यात तो मला कितीदा तरी तसा उभा सापडला. हळूच धरून वळवायचं, मग पुन्हा गोल. हाक मारली तर कान हलायचा, पण हाक कुठून आली ते कळायचं नाही. खाणं मी हाताने भरवत होते, भाताची पेज सुईविना सिरिंजने गालात सोडायची. खाली गोणपाट, त्यावर तुझ्या जुन्या चादरी. बायजी अंगण झाडून झालं की त्याला उलट कुशीवर करायची आणि पाय चोळायची. तिच्या हाताखाली तो शांत पडायचा, माझ्याही नाही एवढा.

बाबांना यातलं काय कळत होतं? कधी सगळं, कधी काहीच नाही. कधी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसत, डोळ्यांतून पाणी काढत. कधी चिडत, हा काय शंटिंग करत बसलाय, लाइन क्लिअर आहे ना. फिरायला जायची वेळ झाली की मात्र त्यांचे पाय आपोआप फाटकाकडे वळत, आणि आता फाटकाला मी कुलूप घातलं होतं. एके संध्याकाळी मी भाजी निवडत होते. अंगणात आवाज नाही म्हणून खिडकीतून पाहिलं. ड्रायव्हर चिकूच्या झाडाभोवती डावीकडून गोल फिरत होता, मान कलती, पाय अडखळत. आणि त्याच्या मागे चार पावलांवर बाबा. हात पाठीशी बांधलेले, पायात चपला, चेहऱ्यावर रोजचं फिरायला निघाल्याचं समाधान. दोघं गोल गोल फिरत होते. मी भाजी तशीच टाकली आणि तोंडावर हात दाबून खाली बसले. हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही. दिवे लागायच्या वेळी बाबा आत आले, घाम पुसला आणि म्हणाले, लतिका, आज फार लांब जाऊन आलो. मी त्यांना पाणी दिलं.

आता जे लिहितेय त्याला तू हसशील, तर हस. बायजी होळीला तिच्या पाड्यावर गेली होती ती परत आली, आणि ड्रायव्हरची ती मान, ते फिरणं नीट बघून मला म्हणाली, बाय, दादांचं दुखणं डायवरनी आंगावर घेतलंय. आता दादा बरं होतील बघा. हे काही मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. वेवजीला असताना पाड्यापाड्यावर ऐकलंय, घरावर आलेलं दुखणं जनावर अंगावर घेतं. तेव्हा मी विज्ञानाची बाई होते, पोरांना समजावून सांगायची, असं काही नसतं रे. पण ललित, तेव्हा माझ्या घरावर काही आलेलं नव्हतं. बायजी बोलून झाडू मारायला गेली आणि मी तिथेच उभी राहिले. जे दुखणं कुठल्याही रिपोर्टात सापडत नाही, ज्याला नाव नाही, कारण नाही, जे डोक्यातच जाऊन बसलंय, ते आलं कुठून? या घरात डोक्याचं दुखणं आणखी कोणाला होतं?

मी मोजमाप करायला लागले. पेज भरवता भरवता बाबांकडे बघायची. शर्टाची बटणं बरोबर लावली, हे धरलं. जेवल्यावर जेवण झालं हे आठवलं, हेही धरलं. तू फोनवर विचारायचास, ड्रायव्हर कसा आहे, आणि मी सांगायची, तसाच आहे. तेव्हा माझ्या आवाजात दुःखाबरोबर काय होतं ते तुला कळलं नसेल. डहाणूच्या डॉक्टर पुन्हा आल्या. आता त्याला उठताही येत नव्हतं, झटके परत सुरू झाले होते. म्हणाल्या, काकू, त्याला मोकळं करू या, मी इंजेक्शन देते, त्याला काही कळणार नाही. मी म्हटलं, जरा थांबू या. त्यांना वाटलं माझा जीव होत नाही. जीव होत नव्हता हेही खरंच. पण आदल्याच दिवशी बाबा ओट्यावर बसून आपणहून स्टेशनं म्हणायला लागले होते. विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड. तुला ठाऊक आहे, हल्ली ते पालघरला अडकतात आणि पुन्हा विरारला येतात. त्या दिवशी पालघर गेलं, बोईसर गेलं, वाणगाव, डहाणू रोड, घोलवड, संजाण, भिलाड, थेट वापीपर्यंत गाडी कुठे थांबली नाही. मी चुलीपाशी उभी राहून देवाला हात जोडले. तिकडे पडवीत ड्रायव्हरला झटका आलेला होता, आणि मी देवाला हात जोडले. मला तेव्हा त्या मुक्या जिवाची काही पडली नव्हती. मला माझा नवरा परत हवा होता.

थोडेच दिवस हा खेळ चालला. एका सकाळी बाबा गणवेशातली पांढरी पँट चढवून, वर पायजम्याचा सदरा घालून फाटकाशी उभे होते. कुलूप ओढत होते. माझी ड्यूटीची पेटी, लाइन बॉक्स कुठे ठेवलीस, म्हणून माझ्यावर ओरडले, आयुष्यात ओरडले नव्हते तसे. गाडी माझ्यासाठी उभी आहे, प्रवासी शिव्या देतायत. मी हात धरला तर त्यांनी तो झटकला, आणि त्या झटक्यात माझी बांगडी पिचली. मग तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले, मला वेळेवर उठवलं नाही म्हणून. ड्रायव्हरने काहीएक अंगावर घेतलेलं नव्हतं. बिचाऱ्याचं स्वतःचं दुखणं स्वतःचंच होतं, आणि माझ्या माणसाचं माझ्या माणसाचं. मी बाबांना आत बसवलं, तोंड धुतलं आणि डॉक्टरांना फोन केला की आज या.

बाबांना तेव्हा दक्षाबेनकडे पाठवायचं मी ठरवलं होतं, पण ते हलले नाहीत. त्या दुपारी त्यांना सगळं लख्ख कळत होतं. ते पडवीत भिंतीला टेकून बसले, ड्रायव्हरचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या दुमडलेल्या कानामागे खाजवत राहिले. डॉक्टरांनी सुई टोचली तरी बाबांचं खाजवणं थांबलं नाही. त्याचे ते सरकणारे डोळे हळूहळू थांबले. किती दिवसांनी ते एका जागी ठरले होते. बायजीच्या नवऱ्याने, तुक्याने, चिकूखाली खड्डा खणला, बायजीने ड्रायव्हरच्या पायाशी मूठभर तांदूळ ठेवले. बाबांनी पहिली माती टाकली आणि मला म्हणाले, चांगला ड्रायव्हर होता, कधी सिग्नल मोडला नाही. मी खूप रडले रे. कुत्र्यासाठी रडले, आणि कुत्र्याच्या नावाखाली जेवढं साचलं होतं तेवढं सगळं रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाला आणि बाबा पट्टा हातात घेऊन फाटकाशी जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर कुठाय? मी जवळ जाऊन समजुतीने सांगितलं. त्यांचा चेहरा असा पडला की तसा मी आदल्या दिवशीही पाहिला नव्हता. कधी, म्हणाले, मला कोणी कसं सांगितलं नाही. पुन्हा तेच रडणं, पहिल्यापासून. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटायचं, खरं तेच सांगावं, सांगून सांगून ठसेल. पोरांना पाढे तसेच शिकवले ना. पण यांच्यात ठसत काहीच नाही, फक्त दुखतं तेवढं दर वेळी नव्याने दुखतं. माणसाने एका कुत्र्यासाठी किती वेळा रडायचं? शेवटी एका संध्याकाळी त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ललितकडे गेलाय, बंगळूरला. बाबांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, बरं झालं, पोराला सोबत झाली. आणि पट्टा खुंटीला अडकवून आत येऊन टीव्ही लावला. तेव्हापासून रोज हेच. रोज ते विचारतात, रोज मी ड्रायव्हरला तुझ्याकडे पाठवते, आणि रोज त्यांना तुझ्यासाठी बरं वाटतं.

आता हे पत्र का, ते. गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालास, बाबा, ड्रायव्हर गेला याचं फार मनाला लावून घेऊ नका. मायेनेच म्हणालास, तुला दोष नाही. पण बाबांनी ती बातमी, त्यांच्यापुरती, तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणून सांगते, यापुढे ते विचारतील तेव्हा ड्रायव्हर तुझ्याकडे आहे, खातोपितो, मजेत आहे. पुढच्या आठवड्यात तू आणि शितल जोडीने याल तेव्हा दारातच विचारतील, त्याला का नाही आणलंस. गाडीत कुत्रा घेऊ देत नाहीत असं चुकूनही सांगू नकोस. कुत्रा गार्डच्या डब्यातून कसा नेतात, पावती कशी करतात, वाटेत पाणी कोणी द्यायचं, हे त्यांना आजही तोंडपाठ आहे, तिथल्या तिथे पकडतील. सांग, शितलचा जीव जडलाय, ती सोडत नाही. त्यावर रेल्वेचा नियम नाही. खोटं बोललास म्हणून ज्या आईने तुला वर्गाबाहेर उभं केलं होतं तीच तुला हे शिकवतेय, पण शीक. आणि आणखी एक आहे, जे मला त्यांच्या देखत फोनवर बोलता आलं नसतं. काल दुपारी मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला, माझे आभार मानले, परक्या बाईचे मानतात तसे अदबीने, आणि विचारलं, लतिका अजून शाळेतून आली नाही का? मी म्हटलं, येईलच आता. तर ललित, एखाद्या दिवशी ते हे तुलाही विचारतील, तुझी आई कुठे आहे म्हणून. मी तिथेच शेजारी असेन. ही काय बाबा, तुमच्या बाजूला बसलीय, असं म्हणू नकोस, ते घाबरतील. वेवजीला गेलीय, संध्याकाळी येईल, एवढंच म्हण. मला ते ऐकू येईल, पण तू अडखळू नकोस.

तुझीच,
आई